कार्ड घ्यावं की बोर्ड?

प्रश्न: मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकतोय, गेमही खेळतो. नव्या कॉम्प्युटरसाठी रायझन ५ ५६०० प्रोसेसर घेऊन झालाय. बर्डीवरचा दुकानदार म्हणतो, ए५२० मदरबोर्ड आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घ्या. मुलाला एक्स५७० बोर्ड हवाय, मग पैशात आरटीएक्स ३०५० च बसतं. कोणाचं ऐकू?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, कार्ड दुकानदाराचं घ्या, बोर्ड मात्र दोघांचाही नको. मधला बी५५० घ्या.

एक्स५७० चा मोह मी समजू शकतो, दिसतोच तो रुबाबदार. पण त्यातल्या जास्तीच्या सोयी तुमच्या घरी रिकाम्याच राहतील. शिवाय बहुतेक एक्स५७० बोर्डांच्या चिपसेटवर, म्हणजे बोर्डाच्या मुख्य चिपवर, एक बारीकसा पंखा असतो. आपल्याकडची धूळ खाऊन तो कुरकुरायला लागला की मुलगा तुमच्याकडेच येईल.

आता ए५२० का नको? ४०६० बसतं लांबलचक स्लॉटमध्ये, पण बोलतं आठच लेनवर, म्हणजे डेटाच्या वाटांवर. बी५५० वर त्या पीसीआयई ४.० च्या (कार्ड जोडायच्या मानकाच्या चौथ्या आवृत्तीच्या) वेगाने चालतात, सेकंदाला साधारण १६ जीबी. ए५२० हा ३.० वरच थांबतो, म्हणजे निम्म्यावर. गेममध्ये एरवी हे जाणवणार नाही. पण ब्लेंडरमधला सीन कार्डाच्या ८ जीबी मेमरीत मावेनासा झाला की उरलेला माल रॅममधून ये-जा करतो, आणि तिथे अरुंद रस्ता नडतो.

बोर्ड चार रॅम स्लॉटचा बघा. ५६०० प्रोसेसरसाठी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आहे ना, हे दुकानातच विचारून घ्या. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्यावर हे कार्ड लावू नका.

आणि खोलीतला कूलर! एका नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांत, मी शहाणपणा करून कॅबिनेट थेट कूलरच्या झोतात ठेवलं. थंड राहील म्हटलं. पावसाळ्यात पडदा चमकायला लागला म्हणून कार्ड काढलं, तर त्याच्या सोनेरी दातांवर हिरवट डाग आणि पंख्याच्या पात्यांवर पांढरे क्षार. कूलरच्या हवेत पाण्याचे तुषार येतात, हे मला त्याच्या बाहेरच्या जाळीवरचे पांढरे ओघळ रोज बघूनही सुचलं नव्हतं. तेव्हा कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर, आणि महिन्यातून एकदा कॅबिनेटची जाळी झाडा.

शेवटचं, ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. मॉनिटरची केबल बोर्डाच्या मागे नाही, खाली कार्डाला लावायची. पहिल्याच दिवशी पडदा काळा राहिला, तर दुकानदारावर डाफरण्याआधी तेवढं बघा.