नुसती जाहिरात टाकून भरती होत नाही
अरे, ऑस्ट्रेलियात पब्लिक हेल्थच्या भरतीचं काम तुझ्याकडे आलंय ना, मग जाहिरात टाकली की ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजाचे, उमेदवार येतील असं धरून चालू नकोस. १९७१ला सिडनीच्या रेडफर्न भागात या समाजाने स्वतःची मेडिकल सर्व्हिस काढली, आज समाजानेच चालवलेली अशी केंद्रं देशभर आहेत, तिथे आधी जा, बस, ऐक, आणि इंटरव्ह्यू पॅनेलवर त्यांचा माणूस घे, तोही नुसता नावाला नको. २०३१ पर्यंत देशाच्या आरोग्य क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांत ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा वाटा ३.४३ टक्के करायचं टार्गेट आहे, पण मला विचारशील तर घेतलेली माणसं सोडून का जातात ते आधी बघ. एकट्यावर सगळ्या समाजाच्या वतीने बोलायचं ओझं टाकतात, फार थकवणारं असतं रे ते. दोघातिघांना एकत्र घे, आणि घरच्या मृत्यूनंतरच्या विधींसाठी रजा आधीच नियमात बसव.