जिप्सीत सासूबाईंचा मणका मोडला, व्हिडिओ आहे, पण ताडोब्याच्या कोअरमध्ये मोबाइल न्यायलाच बंदी होती. तक्रार करायची की गप्प बसायचं?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी नाव-गाव वगळून थोडक्यात सांगते. एप्रिलमध्ये तुम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई असे चौघं ताडोब्याला दोन दिवस एक रात्रीच्या पॅकेजवर गेलात. एजन्सीने 52,000 रुपये घेतले आणि व्हॉट्सॲपवर लिहून दिलं की दोन्ही सफारी कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, गाइडसकट, वर 'वाघ गॅरंटीड'. पहिल्या संध्याकाळी तुम्हाला बफरमध्येच, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातच, फिरवलं. रात्री रिसॉर्टवर तुमच्या मिस्टरांकडून 'काहीही झालं तरी कंपनी जबाबदार नाही' अशा फॉर्मवर सही घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहर्ली गेटमधून आत गेल्यावर कुठेतरी कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर इतर प्राणी देतात ती हाक, ऐकू आला म्हणून ड्रायव्हरने जिप्सी अशी काही पळवली की मागच्या सीटवर बसलेल्या 62 वर्षांच्या सासूबाई एका खड्ड्यात उडून परत सीटवर आदळल्या, आणि कमरेच्या एल-वन मणक्याला फ्रॅक्चर निघालं. मिस्टरांनी खिशात लपवून नेलेल्या मोबाइलवर त्या दीड मिनिटाचा व्हिडिओ आहे. आता एजन्सीवाला म्हणतो, 20,000 घ्या आणि फुल अँड फायनल लिहून द्या, नाहीतर मोबाइलचं आम्हीच फॉरेस्टला कळवतो. आणि सासूबाई म्हणतात, जाऊ दे, माझ्या पोराला अडकवू नका.

ताई, तुम्ही सगळे दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत घालून बसला आहात आणि एजन्सीवाल्याला नेमकं तेच हवंय. मोबाइल नेला ही मिस्टरांची चूक, तिचा हिशोब मिस्टर आणि वनखातं यांच्यात. सासूबाईंचा मणका मोडला त्याचा हिशोब ड्रायव्हर, जिप्सीमालक, विमा कंपनी आणि एजन्सी यांच्याशी. एक चूक झाकायची म्हणून दुसरा हक्क सोडायचा असा व्यवहार कायद्यात कुठे बसत नाही, आणि सासूबाईंचा हक्क सोडून द्यायचा अधिकार तुम्हा दोघांनाही नाहीये, तो फक्त त्यांचा आहे.

आधी मोबाइलचं, कारण भीती त्याचीच आहे. मी गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. ताडोब्याच्या कोअरमध्ये मोबाइल न्यायला बंदी आहे, आणि सुप्रीम कोर्टानेही 17 नोव्हेंबर 2025 च्या निकालात व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटन भागात मोबाइल वापरू देऊ नका असं बजावलंय, ते योग्यच आहे, कारण मोबाइलवरून लोकेशन गेलं की दहा गाड्या एकाच वाघावर धावतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये परमिटच्या अटी मोडणं हा कलम 51 खाली गुन्हा धरता येतो, कागदावर सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमधल्या गुन्ह्याला तर त्याच कलमात किमान तीन ते सात वर्षांची कडक तरतूद आहे. हे वाचून घाबरू नका, त्याच कायद्यात कलम 54 आहे, ज्यात अधिकारी तडजोडीची रक्कम भरून घेऊन प्रकरण मिटवू शकतात, फक्त ज्या गुन्ह्याला किमान कैद ठरलेली आहे तो असा मिटवता येत नाही, म्हणून नेमकी कोणती तरतूद लागेल ते आधी वकिलाला विचारा. ज्याने प्राण्याला त्रास दिला नाही, फक्त फोन जवळ ठेवला, त्याला बहुधा दंड भरावा लागेल आणि कदाचित पुढे काही काळ प्रवेश मिळणार नाही, असं मला वाटतं. ते सोसायची तयारी ठेवा.

पण तो व्हिडिओ डिलीट करायचा नाही. हे मी जितकं जोरात सांगता येईल तितकं सांगतेय. पुरावा म्हणून लागेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, म्हणजे छोटी चूक लपवायला जाऊन मोठी करून बसाल. आणि नियम मोडून मिळवलेला पुरावा कोर्ट बघतच नाही हा समज चुकीचा आहे, आपल्याकडे पुरावा मुद्द्याशी संबंधित आणि खरा आहे ना हे आधी बघतात, मिळवला कसा हे नंतर. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या, फोन बदलू नका, एक कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली कॉपी दबलेली असते, तारीख-वेळेचे तपशील त्यात निघून जातात, ती कामाची नाही. कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे सर्टिफिकेट लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा कोड, लिहायची असते, ते तुमचा वकील करून घेईल. इन्स्टावर टाकला असेल तर तिथून काढा, मूळ मात्र जपा.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती गोष्ट, जी तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलीत. चंद्रपूरच्या ज्या हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा नेलं तिथल्या केस पेपरवर 'रिसॉर्टच्या बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या' असं लिहिलंय, कारण माहिती एजन्सीच्या माणसाने दिली आणि तुम्ही स्ट्रेचरजवळ होतात. ताई, अपघाताच्या केसमध्ये पहिला केस पेपर म्हणजे पाया असतो. मी किती तरी खऱ्या केसेस या एका ओळीवर लटकलेल्या बघितल्यात. विमा कंपनीचा वकील बाकी काही वाचणार नाही, तो कागद वर धरेल. म्हणून हे काम सगळ्यात आधी. त्या हॉस्पिटलला सासूबाईंच्या सहीने अर्ज द्या की माहिती आम्ही दिलेली नाही, ती कोणी दिली त्याची नोंद असेल तर कळवा आणि पूर्ण रेकॉर्डची सर्टिफाइड कॉपी द्या. रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती ठेवा. केस पेपरवर खाडाखोड करून द्या असं डॉक्टरांना चुकूनही सांगू नका, त्याने सगळंच संशयास्पद होईल. घरी परतल्यावर ज्या हॉस्पिटलमध्ये एमआरआय झाला तिथल्या ॲडमिशन पेपरवर 'जिप्सीत धक्का बसून' असं लिहिलंय ना, ते तुमच्या बाजूचं आहे. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारा की बसलेल्या स्थितीत खालून वर धक्का बसल्यावर असं फ्रॅक्चर होतं का, आणि तेवढंच लेखी मागा. मणक्याचं हे कॉम्प्रेशन फ्रॅक्चर, म्हणजे मणका दबून मोडणं, बसल्या जागी आदळल्याने होतं, त्या वयात हाडं ठिसूळ असतील तर अजूनच सहज, त्यामुळे डॉक्टरांचं मत आणि व्हिडिओ एकमेकांना धरून उभे राहतील.

मग पोलीस. तीन महिने होऊन गेले, आता एफआयआर घेतील का असं विचारलंत. घेतील. चंद्रपूरला जायची गरज नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तुमच्या जवळच्या पोलीस स्टेशनला माहिती देता येते, त्यालाच झीरो एफआयआर म्हणतात, पुढे ते तिकडे वर्ग करतात. कलम लागेल ते न्याय संहितेचं 281 आणि 125, बेदरकार गाडी चालवणं आणि त्यातून दुखापत, फ्रॅक्चर म्हणजे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच. उशीर का झाला ते खरं खरं लिहा, पेशंट पलंगावर होत्या, घरात तुम्ही एकट्या धावपळ करत होतात. मोटार अपघाताच्या दाव्यात एफआयआरला उशीर झाला म्हणून दावा फेकून देऊ नका असं सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच सांगितलंय. तक्रारीत व्हिडिओचा उल्लेख सरळ करा, 'माझ्या पतीने चित्रित केलेला व्हिडिओ आहे' एवढंच, त्यावर माफीनामा लिहायचा नाही आणि लपवायचंही नाही.

भरपाईचा मुख्य रस्ता मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, आणि तिथे घड्याळ चालू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये अपघातापासून सहा महिन्यांत दावा करा अशी मुदत 1 एप्रिल 2022 पासून परत आलीये. तुमचे तीन गेले, तीन राहिले. त्या मुदतीवर वरच्या कोर्टांत वाद चालू आहेत म्हणून कोणी म्हणेल की उशीर चालतो, तुम्ही त्या वादाच्या भरवशावर राहू नका. दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. समोर ड्रायव्हर, जिप्सीचा मालक आणि विमा कंपनी. विमा कुणाचा हे गाडीच्या नंबरवरून एमपरिवाहन ॲपवर दिसतं, आणि नंबर, गेट, वेळ, गाइडचं नाव, जिप्सीतल्या सगळ्या प्रवाशांची नावं हे तुमच्या सफारी परमिटवर आहे, म्हणून तो कागद जिवापाड जपा. तुमच्याबरोबर जिप्सीत जे दोन अनोळखी पर्यटक होते ना, ते तुमचे सगळ्यात चांगले साक्षीदार, त्यांचं काहीच गुंतलेलं नाही. आजच फोन करा.

विमा कंपनी एक जुना मुद्दा काढेल, की जंगलातला रस्ता ही 'सार्वजनिक जागा' नाही म्हणून आमची पॉलिसी लागू नाही. व्याख्येत ज्या जागेत लोकांना जायचा हक्क आहे ती जागा येते, कोर्टांनी तिचा अर्थ पुष्कळ रुंद घेतलाय, आणि ताडोब्यात परमिट काढून कोणीही जाऊ शकतं. मुद्दा लढवावा लागेल हे खरं, पण विमा कंपनी सुटली तरी मालक सुटत नाही. दुसरं, सासूबाई कमवत नाहीत म्हणून काय मिळणार असं तुमच्या मनात असेल तर ते काढून टाका, घर चालवणाऱ्या बाईच्या कामाला पैशात किंमत आहे हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2021 मध्ये परत एकदा ठासून सांगितलं. त्यांना तीन महिने बेल्ट लावून झोपून राहावं लागलं, तुम्ही बिनपगारी रजा घेतलीत, बाई ठेवावी लागली, या सगळ्याची नोंद एका वहीत करा, पावत्या चिकटवा. मेडिक्लेममधून जे बिल मिळालं ते भरपाईतून कापायचं नाही असं मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने मार्च 2025 मध्ये ठरवलंय, त्यामुळे मेडिक्लेम घेतला हे सांगायला संकोच नको.

एजन्सीचं प्रकरण ग्राहक आयोगात. कोअर सांगून बफर दिला ही सेवेतली त्रुटी, 'वाघ गॅरंटीड' ही दिशाभूल करणारी जाहिरात, कारण जंगलात अशी हमी कोणीच देऊ शकत नाही आणि ती दिली की ड्रायव्हरवर पळवायचा दबाव येतोच, तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं. वाघ दिसला नाही म्हणून पैसे परत मागू नका, तो मुद्दा कमजोर आहे. ते म्हणतील आम्ही फक्त बुकिंग करून दिलं, जिप्सी आमची नाही. पैसे एकरकमी त्यांनी घेतले, पॅकेज त्यांनी विकलं, त्यामुळे तेच उत्तर देतील. तक्रार तुमच्या जिल्हा आयोगात करा, दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे म्हणून फी नाही, मुदत दोन वर्षं. फक्त औषधोपचाराचा खर्च दोन्हीकडे मागू नका, तो न्यायाधिकरणात मागा, आयोगात पॅकेजचे पैसे आणि मनस्ताप.

रात्रीच्या त्या फॉर्मचं फार टेन्शन घेऊ नका. पैसे सगळे भरून झाल्यावर, मुक्कामाच्या ठिकाणी, सही करा नाहीतर उद्या सफारी नाही अशा परिस्थितीत घेतलेला एकतर्फी कागद आहे तो, आणि एकतर्फी अटी म्हणजे अनुचित व्यापार प्रथा असं सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये बिल्डरच्या प्रकरणात म्हटलंय. शिवाय सही मिस्टरांची आहे, सासूबाईंची नाही. एक बारीक गोष्ट तुमच्या वकिलाला सांगा, 'अनुचित करार' अशी स्वतंत्र मागणी जिल्हा आयोग ऐकू शकत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते, म्हणून जिल्ह्यात मांडताना सेवेतली त्रुटी आणि अनुचित प्रथा असंच मांडा.

ताडोब्याच्या क्षेत्र संचालकांकडेही ड्रायव्हरच्या वेगाबद्दल लेखी कळवा. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात 31 डिसेंबर 2024 ला जिप्सींनी वाघीण आणि बछड्यांची वाट अडवली तेव्हा ड्रायव्हर-गाइड निलंबित झाले, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, म्हणजे अशा गोष्टी कोणी बघत नाही असं नाहीये. फक्त एक विनंती, तुम्ही लिहिलंय की गाइड 'हळू घे, हळू घे' म्हणत होता. त्याला आरोपीच्या यादीत घालू नका. तो जवळच्याच गावचा, ड्रायव्हरइतकाच त्याचाही संसार या गेटवर चालतो, आणि त्याने खरं सांगितलं तर तुमची केस निम्मी उभी राहते. कोअर 30 सप्टेंबरपर्यंत पावसाळ्यासाठी बंद आहे, तो आता बहुतेक शेतावर असेल, परमिटवरून नाव काढून शांतपणे बोला, पैसे वगैरे देऊ करू नका.

20,000 च्या मेसेजला सध्या काहीच उत्तर देऊ नका, फोन आला तर लेखी पाठवा एवढंच म्हणा. त्या धमकीवर खंडणीची तक्रार करू का विचारलंत, मी तुमच्या जागी आत्ता करणार नाही, त्याने मूळ विषय बाजूला पडेल, पण स्क्रीनशॉट जपा, आयोगात उपयोगी पडेल.

आणि सासूबाईंना हे तुम्ही स्वतः शेजारी बसून वाचून दाखवा. दाव्यावर सही त्यांची लागणार आहे, त्यामुळे पोराला काय होईल याचं खरं उत्तर त्यांना आधी कळू दे, दंड होऊ शकतो, तुरुंग होईल असं मला वाटत नाही. मिस्टरांनीही त्यांच्यासमोर म्हणावं की माझी चूक मी निस्तरतो. त्यानंतरही त्या नको म्हणाल्या तर तो त्यांचा निर्णय, पण चंद्रपूरच्या हॉस्पिटलचा अर्ज तरी या आठवड्यात जाऊ द्या, तो गेला नाही तर पुढे त्यांनी मन बदललं तरी हातात काही राहणार नाही.