हुशार मुलांना डिस्टोपिया शिकवताना

डिस्टोपिया म्हणजे भयंकर बनलेल्या काल्पनिक समाजाची गोष्ट. सातवी-आठवीच्या हुशार मुलांचा वर्ग पहिल्यांदाच घेताय, तर जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीने सुरुवात करू नका. भाषा झेपेल, पण त्यातला छळ त्या वयाला जड जातो. लोइस लोरी यांची ‘द गिव्हर’ (१९९३) ही कादंबरी घ्या. नायक जोनस १२ वर्षांचा, जवळपास त्यांच्याच वयाचा.

पहिली १८ प्रकरणं ही मुलं दोन दिवसांत वाचून येतील. येऊ द्या. खरं काम दुसऱ्या वाचनात आहे. जोनस खेळत असताना सफरचंद हवेत क्षणभर बदलतं. काय बदललं हे लेखिका तिथे सांगत नाही, कारण जोनसच्या समाजात रंगच दिसत नाहीत. असे पुरावे मुलांनाच हुडकू द्या. तिथले नियम वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येकापुढे विचारा: यात कुणाचं भलं करायचं होतं? वाद इथे पेटतो. भूक नाही, भांडणं नाहीत, मग वाईट काय, असं एखादी मुलगी ठामपणे म्हणेल. तिला लगेच खोडू नका, तिची बाजू नीट मांडू द्या.

१९वं प्रकरण मात्र वर्गातच, तुमच्यासमोर. जुळ्यांतल्या कमी वजनाच्या बाळाला जोनसचे वडील लाडिक आवाजात बोलत इंजेक्शन देऊन मारतात. बुद्धी कितीही पुढे धावो, मन १२-१३ वर्षांचंच असतं. ही मुलं रात्र रात्र विचार करत बसतात. वाचून झाल्यावर बोलायला निम्मा तास तरी हाताशी ठेवा.

चाचणीऐवजी प्रत्येकाकडून एक कायदा लिहून घ्या: हेतू चांगला, परिणाम भयंकर. चार वाक्यांची मर्यादा घाला, नाहीतर रोबो आणि बंदुकांनीच पानं भरतील.