आधी चारच क्रियापदं पक्की करा

वाढवून किंवा कमी करून सांगण्यासाठीच्या इंग्रजी समानार्थी शब्दांची लांबलचक यादी आधी बाजूला ठेवा. सुरुवातीला चार पुरतात.

- मुंबईत हिंदमाताला पाणी घोट्याएवढं, सांगितलं कमरेएवढं: एग्झॅजरेट. आपला पराचा कावळा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ढीग रचणं, म्हणून मला राईचा पर्वत जास्त जवळचा वाटतो.
- त्यात न आलेली होडीही आणली, तिखटमीठ लावलं: एम्बेलिश.
- पाणी कमरेएवढं, पण ‘त्यात काय एवढं!’: डाउनप्ले. इथे महत्त्व कमी केलं.
- ‘जरासं साचलंय’: अंडरस्टेट.

खरा घोटाळा अंडरस्टेट आणि अंडरएस्टिमेट यांत होतो. नवीन शिकणारे बरेचजण इथे अडतात. अंडरस्टेट बोलण्यात घडतं. अंडरएस्टिमेट डोक्यात घडतं, तिथे अंदाजच चुकतो. भर पावसात दादरहून टॅक्सीने अंधेरीला अर्ध्या तासात पोचू असं मनापासून वाटलं, ते अंडरएस्टिमेट.

‘ओव्हर-एग्झॅजरेट’ टाळा, अति त्यात आधीच आहे. स्पेलिंगमध्ये जी दोन, आर एकच.

ओव्हरस्टेट, इन्फ्लेट, मिनिमाइझ नंतर बघू. आज लोकलमध्ये कानावर पडेल त्या वाक्याला या चारांतलं एक लावून बघा. जमेल तुम्हाला.