विचारा वकीलबाईंना : 'सगळेच मारत होते'

प्रश्न : ताई, आमचा लेआउट बेसा रोडला आहे. मागच्या महिन्यात लेआउटच्या ग्रुपवर कोणाचा तरी आवाज फिरला, 'पोरं पळवणारी टोळी फिरून राहिली, सावध राहा.' तिसऱ्या दिवशी भर दुपारी खांद्यावर पोतं घेतलेला एक माणूस शेजारच्या पोराला बिस्किटाचा पुडा देताना दिसला. दहा मिनिटांत तीस-चाळीस जण गोळा. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यानेही दोन-तीन लगावल्या. नंतर कळलं, माणूस भंगार वेचणारा आणि पुडा पोरानेच मागितला होता. त्याचा हात मोडला. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते, तिथून सगळं पाहिलं. मुलगा म्हणतो, 'सगळेच मारत होते, मी एकटा थोडी.' त्याच्यावर केस होईल का?
– एक आई

उत्तर : होऊ शकते. आणि 'सगळेच मारत होते' हे त्याला कुठेही बोलू देऊ नका, ती सरळ कबुली होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १८९ आणि १९० प्रमाणे पाच किंवा अधिक माणसं बेकायदा उद्देशाने जमली आणि त्या उद्देशापायी गुन्हा घडला, की त्यातला प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा धनी. हाड नेमकं कोणाच्या फटक्याने मोडलं, याचा हिशेब लागायची गरज नाही. (जुन्या दंडविधानात हेच कलम १४९ होतं. आम्हा फौजदारी वकिलांची निम्मी भाकरी त्याच्यावर.) हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत, शिक्षा सात वर्षांपर्यंत. मोबाईलमध्ये क्लिप असेल तर ती पुसायला सांगू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे.

आता थोडं माझं. अशा एका प्रकरणात माझ्या हातात पंचनामा आला होता. त्यात रस्त्यावर सापडलेल्या चपला लिहिल्या होत्या, अकरा. जोड्या नाहीत, सुट्या अकरा. पोलीस दिसताच जी पळापळ झाली, तिच्यात राहिलेल्या. माझा अशील त्याच रात्री आपली दुसरी चप्पल शोधायला परत गेला आणि तिथेच सापडला. 'म्याडम, आठच दिवस झाले होते घेऊन,' म्हणाला. मारलं काहून, हे मात्र त्याला सांगता आलं नाही. गाडी थांबवून पाहायला गेला होता म्हणे.

ग्रुपवरच्या आवाजाचं म्हणाल, तर २०१८ मध्ये देशभर एक क्लिप फिरली होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं पोर उचलून नेतात. ती कराचीत बनवलेली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि पोरांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. कोणीतरी तेवढा शेवट कापला आणि आपल्याकडे माणसं मेली. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी ठार मारलं. मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. एक जण लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढंच निमित्त. व्हॉट्सअॅपने त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी, म्हणजे माणसांना किंवा ग्रुपना, पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तुमच्या लेआउटच्या ग्रुपला पाचसुद्धा लागत नाहीत, एकात दोनशे घरं बसतात.

आणि तुम्ही. रागावू नका, पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, गच्चीच्या ओळीसाठी. गर्दीत माणसाला नाव राहत नाही. वरून त्याचं घरचं नाव घेऊन एक हाक मारली असती, तर निदान तुमचा मुलगा बाहेर आला असता. आता त्याला घेऊन एखाद्या वकिलाकडे जा, मग त्या माणसाच्या औषधपाण्याचं बघा. माफीचा व्हिडिओ काढू नका, बाप्पा.

प्रश्न : २००४ मध्ये कस्तुरबानगरच्या बायांनी त्यांच्या वस्तीतल्या अक्कू यादव या गुंडाला भर कोर्टात संपवलं, तेव्हा अख्खं नागपूर खूश होतं. मग आता जमावाला नावं काहून ठेवता?

उत्तर : हे पत्र दर वर्षी येतं. १३ ऑगस्ट २००४, जिल्हा न्यायालय. त्या बायांनी वर्षानुवर्षं त्याचा जाच सोसला होता आणि त्यांची दाद कोणी घेतली नव्हती. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. मला त्या बायांना दोष देववत नाही आणि वकील म्हणून त्या दिवसाला न्यायही म्हणवत नाही. दोन्ही घेऊन मी रोज त्याच इमारतीची पायरी चढते. पण त्या बायांना समोरचा माणूस कोण, त्याने काय केलं, हे तारीखवार ठाऊक होतं. आता पोतं पाहून धावणारी गल्लीही स्वतःला कस्तुरबानगर समजते, वैताग त्याचा आहे.

प्रश्न : रस्त्यात कोणाला मारून राहिले असतील तर एकट्या माणसाने काय करावं?

उत्तर : आधी ११२. नेमकी जागा सांगा, किती जण आहेत ते सांगा. 'तो निर्दोष आहे' असा वाद तिथे घालू नका, कोणी ऐकत नाही. 'याला पोलिसांच्या हवाली करतो' म्हणा. हे खोटं बोलणं नाही. गंभीर गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर साध्या नागरिकालाही पकडता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावं लागतं. मारायचा हक्क त्यात कुठेही नाही.

इतवारीत एक उसाच्या रसवाली होती. पाकीटमार म्हणून एका पोराला चोपत होते, तर हिने त्याला ओढून दुकानात बसवलं, शटर अर्धं खाली घेतलं आणि गर्दीतल्या एकाला ओरडली, 'काहून रे पिंट्या, मायला बोलवू का तुझ्या?' पिंट्या गेला, त्याच्या मागे त्याचे दोघे दोस्त गेले. पोलीस येईस्तोवर उरलेल्यांपैकी चौघे तिथेच रस पीत उभे होते. तिने आतल्या पोराला फुकट पाजला, या चौघांकडून पैसे घेतले.