मोठी माणसं प्रसिद्धीच्या आधीचे दिवस सांगतात ते ऐकून हुरूप यायच्या ऐवजी मला खचायला का होतं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की रोज रात्री तुम्ही कुणा ना कुणा नामवंताची मुलाखत लावता आणि त्यातला जवळपास प्रत्येकजण कुठेतरी म्हणतोच की "मला आतून माहीत होतं, आपण काहीतरी मोठं करणार", आणि तुम्ही सव्वीस वर्षांचे, दिवसा नोकरी करता, रात्री कथा लिहिता, पण तुम्हाला स्वतःबद्दल असं आतून काहीच माहीत नाहीये, म्हणून तुम्हाला वाटायला लागलंय की आपण त्यातले नाहीच.

हे वाचून मला राहवलं नाही, कारण माझं पोटापाण्याचं कामच हे आहे. गेली अकरा वर्षं मी मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून ती शब्दाला शब्द उतरवून काढतो. कानाला हेडफोन, एकेक वाक्य तीन-तीनदा मागे घ्यायचं, माणूस कुठे थांबला, कुठे पाणी प्यायला, कुठे त्याला शब्द सापडेना, सगळं ऐकू येतं. नट, गायक, खेळाडू, शास्त्रज्ञ, सगळ्यांचे ते "आधीचे दिवस" माझ्या कानावरून गेलेत, आणि त्यावरून मी तुम्हाला खात्रीने सांगतो की "मला आतून माहीत होतं" हे वाक्य बहुतेक वेळा नंतर येऊन बसलेलं असतं.

ही माणसं खोटं बोलतात असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण गोष्टीचा शेवट माहीत झाला की सुरुवात आपोआप त्या शेवटाकडे वळायला लागते, सांगणाऱ्यालाही ते कळत नाही. एका गायिकेच्या दोन मुलाखती मी उतरवल्यात, मध्ये सहा वर्षांचं अंतर, आणि संघर्षाचा भाग जवळजवळ शब्दाला शब्द तोच, एकही अडखळणं नाही. फरक एकच होता, पहिल्या मुलाखतीत एक शिक्षिका होत्या ज्या सुट्टीत शाळेची खोली उघडून द्यायच्या, दुसऱ्यात त्या बाई गायब झालेल्या आणि त्यांच्या जागी "मला आतून माहीत होतं" आलेलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं, त्या शिक्षिकेसाठी.

शेवट माहीत नसताना माणूस स्वतःबद्दल कसं बोलतो हे बघायचं असेल तर श्रीनिवास रामानुजन यांचं पत्र बघा. १६ जानेवारी १९१३. मद्रास पोर्ट ट्रस्टच्या अकाउंट्स खात्यातला कारकून केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना लिहितोय, आणि सुरुवातच अशी की मी कारकून आहे, वर्षाला फक्त २० पौंड पगार आहे, वय साधारण २३. खरं तर तेव्हा त्यांना पंचविसावं पूर्ण होऊन महिना होत आला होता. पुढे लिहितात की विद्यापीठाचं शिक्षण झालेलं नाही, आणि शेवटी म्हणतात की मी गरीब आहे, तुम्हाला यात काही मोलाचं वाटलं तर माझी प्रमेयं छापून यावीत अशी इच्छा आहे, मला अनुभव नाही तेव्हा तुम्ही जो सल्ला द्याल त्याची मला फार किंमत वाटेल. आपल्या गणितावर त्यांचा विश्वास होता, तो पत्रात दिसतोच, पानंच्या पानं सूत्रं जोडलेली आहेत. पण आपण कोण होणार आहोत याबद्दल त्यात एक अक्षर नाही. मला ते पत्र कुठल्याही मुलाखतीपेक्षा जवळचं वाटतं, कारण ते "आधी"मध्ये बसूनच लिहिलेलं आहे, "नंतर"मधून मागे वळून नाही.

नंतर बोलतानाही काहीजण प्रामाणिक राहतात, पण त्याला कष्ट पडतात. 'हॅरी पॉटर' लिहिणाऱ्या जे. के. रोलिंग यांचं २००८ मधलं हार्वर्डचं भाषण ऐका. मोडलेलं लग्न, नोकरी नाही, एकटीने मूल वाढवणं, हे सगळं त्या सांगतात, आणि मग स्वच्छ म्हणतात की हा बोगदा किती लांब आहे याची तेव्हा मला काहीच कल्पना नव्हती, पलीकडचा उजेड ही बराच काळ नुसती आशा होती. अपयशात काही मजा असते असं मी तुम्हाला सांगणार नाही, हेही त्याच भाषणात आहे. आणि त्यांच्याबद्दल जी ती कथा फिरते ना, की घरात हीटिंग नव्हतं म्हणून ऊब मिळावी म्हणून त्या कॅफेत जाऊन लिहायच्या, ती त्यांनी स्वतःच खोडून काढलेली आहे. म्हणजे बघा, स्वतःला शोभून दिसणारी गोष्ट समोरून मिळत असताना ती नको म्हणणं! हे मी फार थोड्या लोकांना करताना ऐकलंय.

याच्या उलट मायकल जॉर्डन. शाळेच्या बास्केटबॉल टीममधून त्याला काढून टाकलं होतं, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. झालं होतं असं की १९७८ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, त्याला शाळेच्या मुख्य टीममध्ये न घेता ज्युनियर टीममध्ये घेतलं, आणि मुख्य टीममधली जागा त्याच्याहून बराच उंच असलेल्या लिरॉय स्मिथ नावाच्या मित्राला मिळाली. त्या वयाच्या मुलाला ज्युनियर टीममध्ये ठेवणं यात जगावेगळं काही नाही. पण २००९ मध्ये, सगळं मिळवून झाल्यावर, बास्केटबॉलमधल्या थोर खेळाडूंचा मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमच्या समारंभाला जॉर्डनने त्या लिरॉय स्मिथला बोलावलं होतं, आणि भाषणात त्या वेळी टीम निवडणाऱ्या जुन्या कोचला उद्देशून सांगितलं की तुमची चूक झाली. एकतीस वर्षं झाली होती मध्ये. त्याच्यासाठी ती जखम खरीच होती, यात मला शंका नाही, आणि त्या जोरावर तो खेळला असेलही. पण आपण ऐकणारे काय ऐकतो, तर "टीममधून हाकललं आणि तो जगात पहिला आला". ज्युनियर टीममध्ये वर्षभर भरपूर खेळायला मिळालं, त्याचं काय? ते कुणाला सांगावंसं वाटत नाही कारण त्यात अपमान नाही.

आणि कधी कधी तर सांगणारा नीट सांगतो आणि आपणच बिघडवतो. अब्दुल कलामांचं बघा. "गरिबीमुळे लहानपणी पेपर विकले" एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. त्यांनी आत्मचरित्रात सांगितलेलं थोडं वेगळं आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं, रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली, त्यामुळे पेपरचे गठ्ठे रामेश्वरम आणि धनुष्कोडीच्या मधल्या रस्त्यावर चालत्या गाडीतून खाली फेकायचे. पेपर वाटायचं काम त्यांचा चुलत भाऊ शमसुद्दीन करायचा आणि ते गठ्ठे झेलायला त्याला कुणीतरी हाताशी हवं होतं, ते काम या पोराला मिळालं. आणि त्यांना आठवतं काय, तर पहिल्यांदा स्वतः पैसे कमावल्याचा अभिमान, अर्धं शतक उलटलं तरी अजून तसाच जाणवतो म्हणतात. त्यात दुःख नाहीये! आपण मात्र त्या पोराच्या चेहऱ्यावर बिचारेपणा चिकटवून टाकला.

आता माझ्याकडची एक गोष्ट सांगतो, नाव नाही सांगत. रंगभूमीवरच्या एका म्हाताऱ्या नटाची मुलाखत होती. पहिला पाऊण तास नेहमीचंच, हालअपेष्टा, उपाशी दिवस, सगळं पाठ असल्यासारखं घडाघडा, मी टाइप करता करता पुढचं वाक्य ओळखत होतो. तरुणपणी ते छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे छपाईसाठी धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. मुलाखत घेणाऱ्या मुलीने सहज विचारलं की कुठलं अक्षर कुठे आहे हे न बघता कसं कळायचं? आणि तिथे रेकॉर्डिंगमध्ये जवळजवळ दहा सेकंद शांतता आहे. मग टेबलावर टकटक असा आवाज येतो. ते हाताने दाखवत होते, इथे काना, इथे वेलांटी, जास्त लागणारी अक्षरं हाताजवळ, कमी लागणारी लांबच्या घरात, डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे लावायची पट्टी, धरायची आणि उजव्याने उचलत जायचं, आणि सगळं उलटं वाचायचं. अजूनही आरशात कुठलं अक्षर दिसलं की ते मला सुलट वाचल्यासारखं वाचता येतं म्हणाले. आवाजच बदलला होता, वीस वर्षांनी लहान झाल्यासारखा. आणि मग आपोआप त्यांचा फोरमन आला गोष्टीत, जो तालमीच्या दिवशी यांच्या वाटणीची शेवटची गॅली, म्हणजे जुळवलेल्या मजकुराचा ट्रे, स्वतः जुळवायचा आणि मालकाला काही बोलायचा नाही. पहिल्या पाऊण तासात हा माणूस कुठेच नव्हता.

त्या मुलाखतीनंतर माझी ऐकायची पद्धतच बदलली. आता मी संघर्ष शब्द आला की फक्त टाइप करतो, आणि हात काय करत होते आणि शेजारी कोण उभं होतं, हे आलं की थांबून ऐकतो.

शेजारी उभ्या असलेल्या माणसावरून दोन टोकं आठवतात. चार्ल्स डिकन्स बारा वर्षांचे असताना, १८२४ मध्ये, वडील कर्जापायी तुरुंगात गेले त्याच सुमारास या मुलाला बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर कागद बांधायला आणि लेबलं चिकटवायला बसवलं. जगप्रसिद्ध झाल्यावरही त्यांनी हे लपवून ठेवलं, स्वतःच्या मुलांनासुद्धा सांगितलं नाही, फक्त एका मित्राला लिहून दिलं, आणि जगाला ते कळलं १८७० मध्ये ते गेल्यानंतर, त्या मित्राने चरित्र लिहिलं तेव्हा. त्या कारखान्यात बॉब फेगिन नावाचा एक मुलगा होता. दोरी कशी बांधायची ते यांना त्याने शिकवलं, एकदा पोटात कळ आली तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या लावून त्याने अर्धा दिवस यांची काळजी घेतली. आणि पुढे डिकन्सनी त्याचं आडनाव दिलं कुणाला, तर पोरांना चोऱ्या शिकवणाऱ्या आपल्या कादंबरीतल्या खलनायकाला. त्या मुलाची चूक काय होती? एवढीच की त्याने यांना त्या जागी पाहिलेलं होतं. मी यात डिकन्सना दोष देत नाही, बारा वर्षांच्या पोराची लाज किती खोल जात असेल, पण मला त्या बॉबची आठवण सुटत नाही.

दुसरं टोक रजनीकांत. शिवाजीराव गायकवाड नावाने बंगळुरूत बसवर कंडक्टर होते तेव्हा त्यांच्या बसचा ड्रायव्हर राज बहादूर. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार घेताना त्यांनी ज्यांना तो अर्पण केला त्यात त्यांचे गुरू, दिग्दर्शक के. बालचंदर होते, थोरले भाऊ होते, आणि हा ड्रायव्हर मित्र होता. काय म्हणाले, तर मी कंडक्टर असताना माझ्यातला नट याने ओळखला आणि सिनेमात जा म्हणून मला प्रोत्साहन दिलं. बघा, "मला आतून माहीत होतं" नाही म्हणाले. बाहेर उभ्या असलेल्या, स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला आधी माहीत होतं!

म्हणून तुम्हाला आतून काही कळत नाहीये याची काळजी तुम्ही खरंच सोडून द्या. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही, आणि नामवंत झालेच पाहिजे असंही काही नाही. पण ज्यांच्या "आधी"शी तुम्ही स्वतःचा आज ताडून बघताय ते त्यांचं नंतर नीट लावलेलं "आधी" आहे, आणि तुमचा आज अजून कुणी लावलेला नाही, त्यामुळे तो विस्कटलेलाच दिसणार. मुलाखती बंद करा असं नाही म्हणत मी, माझं घर त्यावर चालतं आणि मला त्या मनापासून आवडतात. फक्त झोपताना ऐकू नका, जागेपणी ऐका, आणि कुणाचं नाव आलं, कुणाचं यायला हवं होतं पण आलं नाही, इकडे कान ठेवा.

आणि एक. तुमच्या प्रश्नात शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात की ऑफिसातले एक वयस्कर सहकारी तुमच्या कथा वाचतात आणि पेन्सिलीने समासात खुणा करून परत देतात. अख्ख्या प्रश्नात माझी नजर तिथेच अडकली. कुठल्या कथेवर त्यांनी काय लिहिलं, केव्हा लिहिलं, ते आजच तारखेसकट वहीत उतरवून ठेवा, आणि ती खुणा केलेली पानं फाडून टाकू नका, पेन्सिल पुसट होते, फोटो काढून ठेवा.