वाळवंटात घर घेऊन जाताना

प्रश्न : ताई, आम्ही पाच जण अमेरिकेला जायचं ठरवतोय. मी, बायको, 13 आणि 9 वर्षांची दोन मुलं आणि आई. लास वेगासला आरव्ही, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, भाड्यानं घ्यायची आणि सहा दिवसांत झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियन ही राष्ट्रीय उद्यानं बघून परत यायचं, असा बेत आहे. पावसाळ्यात दुकानात गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून जुलैअखेर जायचा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात. गाडीतच स्वयंपाक होईल, तर खर्चही आटोक्यात राहील असं वाटतं. बेत बरोबर आहे का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दादा, आईंना बरोबर नेताय हे वाचून फार बरं वाटलं. आरव्हीही त्यांच्यासाठी सोयीची. मागे पलंग असतो, स्वच्छतागृह असतं, दर मुक्कामाला बॅगा चढवा-उतरवायला लागत नाहीत. पण जुलैअखेर जाऊ नका, आणि सहा दिवसांत तीन ठिकाणंही करू नका. दिवाळीच्या सुट्टीत जा आणि झायन-ब्राइस एवढंच करा. दुकान आठवडाभर बंद राहील, ते सोसा.

असं का म्हणते ते सांगते. झायनच्या दरीत जुलैत पारा 38 अंशांच्या वर सहज जातो. पण उकाड्यापेक्षा मला भीती वाटते ती पावसाची. जुलै ते सप्टेंबर तिकडेही दुपारचे वळीव कोसळतात, आणि उघड्या खडकावर पडलेलं पाणी मुरत नाही, सगळंच्या सगळं घळीत उतरतं. आपल्याला हे नवीन नाही. कोल्हापुरात ऊन पडलेलं असतं, पाऊस राधानगरी-गगनबावड्याला असतो, आणि पंचगंगा चढते ती त्या पावसानं. फरक वेळेचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, त्यामध्ये आपल्याला सामान वर चढवायला सवड मिळते. तिथल्या अरुंद घळीत काही मिनिटांत भिंतीसारखं पाणी येतं. सप्टेंबर 2015 मध्ये झायनच्या कीहोल कॅनियनमध्ये उतरलेले सात जण एकाच लोंढ्यात गेले.

‘द नॅरोज’ ही तिथली प्रसिद्ध वाट चक्क व्हर्जिन नदीच्या पात्रातून चालायची आहे. तुमच्या तेरा वर्षांच्या मुलाला ती नक्की करावीशी वाटेल. नदीचा प्रवाह 150 क्युसेकच्या वर गेला की उद्यानवाले ही वाट बंद करतात. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की 1428 क्युसेक सुटतात, हे आपण दर पावसाळ्यात पेपरात वाचतो. म्हणजे त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याला तिकडे माणसाला पात्रात उतरू देत नाहीत, कारण बाजूला सरकायला जागाच नाही. सकाळी माहिती केंद्रात त्या दिवसाचा पुराचा अंदाज लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय मुलांना घळीकडे नेऊ नका, मग आभाळ कितीही निळं असो. आणि त्या नदीचं पाणी गाळूनसुद्धा प्यायचं नाही, मुलांची डोकी त्यात बुडू द्यायची नाहीत. त्यात विषारी शेवाळासारखे जिवाणू आढळलेले आहेत.

आता गाडीतल्या पाण्याकडे येते. आरव्हीत तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, सिंक-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि संडासाची. तुमच्या मापाच्या गाडीत स्वच्छ पाणी साधारण 40 गॅलन, म्हणजे दीडशे लिटर धरा. पाच माणसांत ते दीड-दोन दिवसही पुरत नाही, आपल्या पद्धतीनं भांडी घासली तर एका संध्याकाळीच तळ दिसतो. आणि स्वच्छ टाकी रिकामी होते तेव्हा दुसरी भरलेली असते, हे विसरायला होतं. म्हणून ताट-पातेली आधी कागदानं पुसायची, मग धुवायची. रश्श्याचा तवंग सिंकमध्ये ओतू नका, तेल टाकीत आणि नळीत बसतं. आम्ही गेलो तेव्हा मी पिठलं-भात, मुगाची खिचडी, दह्यातली कोशिंबीर असाच स्वयंपाक ठेवला होता, तांबडा-पांढरा परत आल्यावर. कांदा-लसूण मसाला जरूर न्या, विमानतळावर विचारलं की दाखवा. कुकर गॅसच्या शेगडीवर चालतो. मिक्सर मात्र नेऊ नका, तिकडची वीज 120 व्होल्टची.

टाक्या रिकाम्या करायचं काम मुलांवर ढकलू नका, तुम्हीच हातमोजे घालून करा. आधी संडासाची टाकी, मग सिंकची, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी धुतली जाते. हे ठरलेल्या डंप स्टेशनवरच करायचं. रस्त्याकडेला एक थेंबही नको. वाळवंटात घाण वाहून जायला पाणीच नसतं.

मुक्कामासाठी झायनच्या दक्षिण दारालगतचं वॉचमन कॅम्पग्राउंड बघा. नदीकाठी आहे, काही जागांवर विजेची जोडणी मिळते, डंप स्टेशन आहे. जोडणीची जागा घ्या, आईंना एसी किंवा हीटर लागेल. आरक्षण मुक्कामाच्या तारखेआधी सहा महिन्यांनी सुरू होतं आणि लगेच भरतं, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी हे बघा. मार्च ते नोव्हेंबर आतल्या दरीत खासगी गाडी नेता येत नाही, शटल बस फुकट असते. आरव्ही जागेवर उभी करून बसनं फिरायचं, यात मला तर फार सुख वाटलं. आईंसाठी दोन वाटा सांगते. पारूस ही माहिती केंद्रापासून नदीकाठानं जाणारी सपाट, डांबरी वाट आहे. बसच्या शेवटच्या थांब्यावरून निघणारी रिव्हरसाइड वॉक जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर. माझ्या सासूबाई काठी टेकत तिच्यावर निवांत चालल्या, मध्येमध्ये बसून लाल कडे बघत राहिल्या. मला तिथली हीच वाट सगळ्यात आवडते. एंजल्स लँडिंगचा नाद सोडा. साखळ्या धरून चढायचा अरुंद कडा आहे, आणि 2022 पासून परवान्याची सोडत लागते.

ब्राइसला जाताना एक मोठी अडचण आहे. नकाशा तुम्हाला झायनच्या 1930 सालच्या बोगद्यातून नेईल. जून 2026 पासून 11 फूट 4 इंचांपेक्षा उंच किंवा 7 फूट 10 इंचांपेक्षा रुंद गाड्यांना तो रस्ता बंद, आणि भाड्याची बहुतेक आरव्ही यात अडकते. परत हरिकेन गावाकडे या, 15 क्रमांकाच्या महामार्गानं उत्तरेला जा, मग 20 क्रमांकाचा रस्ता धरून 89 वर. वाट लांबते, पण रुंद आहे. अर्धा दिवस त्यातच धरा. ब्राइस 8000 फुटांच्या वर आहे, दिवाळीच्या सुमाराला रात्री पाणी गोठतं. झोपण्याआधी बाहेरची पाण्याची नळी काढून आत ठेवा, आणि आईंच्या अंगावर दोन दुलया असू द्या.

खर्चाचं बोलायचं तर स्वयंपाकात वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातील. ही गाडी लिटरला चारएक किलोमीटर देते. शिवाय 1 जानेवारी 2026 पासून परदेशी पाहुण्यांना झायन, ब्राइस धरून 11 उद्यानांत 16 वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकामागे 100 डॉलर जादा पडतात. तुम्ही मोठे तिघं, उद्यानं दोन. त्यापेक्षा 250 डॉलरचा वार्षिक पास घ्या.

प्रश्न : आरव्ही चालवायला वेगळं लायसन्स लागतं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : भाड्यानं मिळणाऱ्या नेहमीच्या आरव्हीला आपलं मोटारीचं लायसन्स चालतं. त्याच्या जोडीला आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो वर्षभर चालतो, पण मूळ लायसन्सही जवळ हवं. गाडी उजव्या बाजूनं चालवायची असते आणि मागची शेपूट वळणावर बाहेर फिरते. म्हणून ताबा घेतल्यावर एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर मागे-पुढे करून बघा, मगच महामार्गाला लागा.